मितूची घोडी आणि माझी उडी

माझी धाकटी बहीण मितू घोडे उडवते. पोलिसांच्या घोडदळात आहे, आणि आडव्या दांड्यांवरून घोड्यासकट पलीकडे जाणं हा तिचा खेळ. ही साधी गोष्ट आमच्या सिहोरा गावात समजावून सांगता सांगता आईचा घसा बसला.

"म्हंजे पोरगी घोड्यावरून उडी मारते का वो?" शेजारच्या शांताकाकू विचारायच्या.

"घोड्यावरून नाही वो, घोड्यासंग!"

"मंग मेडल कोणाले भेटते? घोड्याले का पोरीले?"



मितूला हे वेड नागपूरच्या कॉलेजात, एनसीसीच्या घोडेस्वार तुकडीत लागलं. पहिल्या वर्षी तिने फक्त लीद उचलली. दुसऱ्या वर्षी घोड्याने तिला उचलून फेकलं. मग दोघांचं जमलं, नोकरी लागली, आणि देशभरातल्या घोडेस्वारांना मागे टाकून तिने सोनं आणलं! गोंदिया वेगळं झाल्यापासून आमचा जिल्हा अर्धाच उरला होता. गावाने तिला त्या अर्ध्या जिल्ह्याची पूर्ण शान म्हणून जाहीर करून टाकलं.

पुढच्याच मोसमात ती पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं आणि बाबांनी फर्मान काढलं, "बस झालं. ऑफिसात बदली मांग. खुर्ची लाथ नाही मारत."

हाड जुळल्यावर मितू सुट्टीवर आली ती रडवेली होऊन. "दादा, बाबांनी मले एकदाही घोड्यावर पाह्यलं नाही. नुसता एक्सरे पाह्यला."

तेव्हा मोठा भाऊ म्हणून मी कामाला लागलो. (आमच्या घरातले बहुतेक अनर्थ असेच सुरू होतात.) गावात तिचा सत्कार ठरवला आणि तुमसरहून वरातीची घोडी आणवली. गळ्यात घुंगरू, डोक्यावर तुरा, आणि बँड वाजल्याशिवाय पाऊल न उचलणारी! धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत दोन खुर्च्यांवर बांबू आडवा ठेवला. बाबा पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून.

"दादा, हे घोडी उड्या मारणारी नाही," मितू म्हणाली. "आधी मले तिच्यासंग जरा फिरू दे."

पण माइक माझ्या हातात होता! मी बोलून बसलो, "हिले लहानपणी म्याच शिकवलं!" (सायकल. तीही मागून धरून.)

"मंग दाखव ना गा!" गर्दीतून आवाज आला, आणि बँडवाल्यांनी वरातीची धून धरली.

मी चढलो. घोडी आधी नाचली, मग दुडकी चालली. मी घाबरून पाय आवळले तशी सुसाट सुटली!

"पाय ढिले सोड, दादा! पाय!"

मी लगाम सोडला. बांबू आला, घोडीने चारही पाय रोवले, आणि मी बांबूवरून, माइकवाल्याच्या टेबलावरून हवेतून निघालो. समोर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, मऊ ढीग होता. मी त्याच्या जरासा अलीकडे पडलो.

बिथरलेली घोडी बायकांच्या घोळक्याकडे वळली. शांताकाकू किंचाळल्या. मितूने सत्काराची नवी साडी खोचली, धावत जाऊन लगाम धरला आणि उडी मारून वर बसली. घोडी वळली खरी, पण समोर नहराचा पाट! मितू तिच्या मानेवर झुकली, काहीतरी बोलली, आणि ती वरातीची घोडी पाटावरून अशी पलीकडे गेली की बँडवाले वाजवायचंच विसरले.

बाबा उभे राहिले होते. हाताची घडी कधी सुटली, त्यांनाही कळलं नसावं.

"हे रोज असं करून राहिली होती?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा," मी जमिनीवरून सांगितलं.

"मंग खुर्चीवर कायले बसन ते?" एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले, आणि मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तू काहून झोपला?"

तुमसरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझा हात प्लास्टरमध्ये घालता घालता आदराने विचारलं, "घोडेस्वारीचे चॅम्पियन ते तुम्हीच का?"

मी नम्रपणे मान खाली घातली. मितूकडे पाहिलं. ती म्हणाली, "हो, हेच ते. आमचे दादा."

माझा ऊर भरून आला.

"मग एवढे मोठे चॅम्पियन पडले कसे?"

"काही नाही, डॉक्टरसाहेब," मितू म्हणाली, "घोडी थांबली. हे नाही थांबले."