लुगड्याचं वजन

वसुधाबाई हुदलीकर सव्वीस साली निपाणीच्या मुलींच्या मराठी शाळेत हेडबाई म्हणून आल्या, तेव्हा ही बाई काही टिकत नाही असं गावानं ठरवून टाकलं होतं. उंची जेमतेम साडेचार फूट. फळ्यावर वरची ओळ लिहायची तर पाटावर उभं राहावं लागे. पण त्या पाटावरून त्यांनी गावाला असा वचक बसवला, की मुलीला शाळेतून काढायला आलेले बाप दारातच पटका सारखा करून परत फिरत. सगळे नव्हेत, पण पुष्कळसे.

बाई मूळच्या बेळगावच्या. खडेबाजाराच्या मागच्या बोळात घर, वडील कोर्टात कारकून. बाराव्या वर्षी लग्न झालं आणि चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. पुढची चार वर्षं सासरच्या स्वयंपाकघरात गेली. मग वडलांना काय बुद्धी झाली देव जाणे, त्यांनी लेकीला परत आणलं, ट्रेनिंगला घातलं आणि लोकांना काय बोलायचं ते बोलू दिलं. लोक बोललेच. तोंडाला कुणी झाकण घालत नाही.

निपाणीत आल्यावर दोन वर्षांनी बाईंना एका वहीचं वेड लागलं. झालं असं, की जिल्ह्याचे एक तरुण सरकारी डॉक्टर शाळाशाळांतून हिंडत होते. त्यांचं म्हणणं, तान्ह्या मुलांची काळजी सगळे घेतात, बाळंतिणीकडेही थोडं कुणी बघतं. पण बारा ते सोळा वर्षांचं पोर म्हणजे ना लहान ना मोठं, त्याची चौकशी कुणीच करत नाही. त्याच वयात हाडं धरतात, त्याच वयात रक्त तयार होतं. तेव्हा वर्षातून दोनदा, आषाढात आणि माघात, प्रत्येक मुलामुलीचं वजन आणि उंची लिहून ठेवावी. बहुतेक शाळांनी डॉक्टरांचा कागद कपाटात घातला. काहींनी तपासणीच्या आदल्या दिवशी अंदाजपंचे आकडे भरून दिले. वसुधाबाईंनी मात्र जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि पट्टीनं रकाने आखले.

शाळेत काटा नव्हता, पण तंबाखूच्या गावात काट्यांना काय तोटा? वखारीतला मापाडी भरमूआप्पा वर्षातून दोनदा मोठा तराजू घेऊन यायचा आणि शाळेच्या आडव्या तुळईला टांगायचा. एका पारड्यात मुलगी साखळ्या धरून बसायची, दुसऱ्या पारड्यात रत्तलाची, म्हणजे पौंडाची, वजनं चढायची. पहिल्या वर्षी आयांनी आकांत केला. मोजलेलं पोर वाढत नाही, ही त्यांची पक्की समजूत. बाईंनी वाद घातला नाही. नवसाला देवापुढे पोराची गुळानं तुला करतात ना, तसंच हे, असं त्यांनी सांगितलं. आया गप्प झाल्या, आणि एकीनं तर पारड्याला हळदकुंकूही वाहिलं.

अशी आठ वर्षं गेली. साऱ्या जिल्ह्यात बिनखाडाखोडीची आणि बिनखोटी वही एकच, असं डॉक्टर म्हणू लागले. छत्तीसच्या माघातली वजनं झाली आणि पाठोपाठ गावात एक बातमी आली. तंबाखूच्या एका व्यापाऱ्यानं आईच्या नावानं रोज दहा शेर दूध द्यायचं कबूल केलं होतं. पण एकाच शाळेला. मुलांच्या की मुलींच्या, ते डॉक्टरांनी ठरवायचं. डॉक्टरांनी दोन्ही शाळांचे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि बाईंना पत्र धाडलं. मुलांची वाढ फार तोकडी दिसते; मुलींची मात्र समाधानकारक, त्यातही मोठ्या मुलींची विशेष. तेव्हा दूध मुलांच्या शाळेला जावं. आपल्या नोंदी मी बेळगावच्या बैठकीत वाचून दाखवल्या, सर्वांनी वाखाणल्या. बाईंनी ते पत्र तीनदा वाचलं. दूध गेल्याच्या दुःखापेक्षा वहीचं कौतुक आपल्याला जास्त गोड लागलं, हे पुढं त्या स्वतःच सांगत.

त्यानंतर पंधराच दिवसांत नागू पडली.

नागू सातवीतली, तेरा सरून चौदावं लागलेली. बापाचं दीड एकर माळरान आणि एक बैलगाडी. आई मनुबाई वखारीत तंबाखू निवडायला जायची. पोरगी हुशार. सातवीची परीक्षा देऊन मास्तरीण व्हायचं तिनं मनाशी घेतलं होतं आणि ते ती कुणाला सांगत नव्हती, बाईंनाच काय ते एकदा सांगितलेलं. सकाळच्या प्रार्थनेला उभी असताना ती एकदम खाली कोसळली. बाईंनी धावत जाऊन तिला उचललं आणि खोलीत नेऊन निजवलं. उचलल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्यासारख्या साडेचार फुटी बाईनं आपल्याएवढीच मुलगी एकटीनं उचलली आणि दमसुद्धा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मनुबाई आली. दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, तिचा बा म्हंतोय, शिकून शिकून पोरीचं रगत आटलंया. आता धाडत न्हाय."

बाईंनी वही उघडली. आषाढात बासष्ट रत्तल, माघात चौसष्ट. सहा महिन्यांत दोन रत्तलांची भर. समासात बाईंच्याच अक्षरात शेरा होता, 'वाढ चांगली'. वही सांगत होती पोरगी सुधारली आणि पोरगी तर समोर घेरी येऊन पडली होती.  आठ दिवस थांब, एवढंच त्या मनुबाईला म्हणाल्या. परीक्षा दोन महिन्यांवर होती.

त्यांनी भरमूआप्पाला निरोप धाडला, की काट्यात काही खोट आहे का बघ. भरमूआप्पाला राग आला. तीस वर्षं मापाड्याचं काम केलेल्या माणसाला असं विचारणं म्हणजे काय! तरी तराजू घेऊन तो आला, वजनं फडक्यानं पुसली, आणि नागूला पुन्हा पारड्यात बसवलं. आईही सोबत आली होती. काटा स्थिरावला. चौसष्टच. भरमूआप्पानं बाईंकडं विजयानं पाहिलं, बाईंनी आकडा लिहिला आणि वही मिटू लागल्या.

"बारदान कवा वजा करता, बाई?" त्यानं विचारलं.

बाईंना कळलं नाही. त्यानं समजावून सांगितलं. तंबाखू तोलला की आदी पोतं वजा करायचं. पोत्याचं वजन धरून तंबाखूचा भाव कोण देतंय? "गेल्या आषाढात ही परकरात बसलीती. आता नऊवारी लुगडं हाय अंगावर. माजं काम काय, तोलायचं तेवढं. मला वाटलं, तुमी घरला जाऊन वजा करत असाल."

बाईंनी मिटत आलेली वही पुन्हा उघडली.

मनुबाईच्या हातातल्या बोचक्यात नदीवर धुऊन वाळवलेलं लुगडं होतं, नागू नेसली होती त्याच जातीचं, जाडंभरडं. ते पारड्यात टाकलं. चोळीसकट तीन रत्तल भरलं. मग नागूचा जुना परकर-पोलका घरून आणवला. तो पाऊण रत्तल. बाईंनी वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी केली. आषाढात नागू सव्वाएकसष्ट होती. आता एकसष्ट. ज्या सहा महिन्यांत पोरीनं चार रत्तल चढायचं, त्यात ती पाव रत्तल उतरली होती.

मग बाई मागची पानं उलटत गेल्या. आठ वर्षांत लुगडं नेसून पारड्यात बसलेल्या एकतीस मुली निघाल्या. लुगडं आलं की आकडा दोन-सव्वादोननं चढलेला आणि शेजारी 'वाढ चांगली'. त्याच्या पुढचे रकाने बहुतेकींचे कोरे होते, कारण पुढच्या आषाढात ती मुलगी शाळेतच नसे. तिचं लग्न होऊन गेलेलं असे. नागूचा पुढचा आषाढ अजून यायचा होता.

पण वाढ थांबली ती का, हे वजाबाकीतून कळत नव्हतं. लुगडं नेसणाऱ्या सध्या शाळेत पाच जणी होत्या. बाईंनी त्यांना आजारपण विचारलं, जंत विचारले, झोप विचारली. काही लागेना. शेवटी सहज म्हणून, रात्री जेवायला कुणाशेजारी बसता, असं विचारलं. पाचही जणी बुचकळ्यात पडल्या. आईशेजारी, आणखी कुणाशेजारी? नागू म्हणाली, परकर होता तोवर ती भावांच्या पंगतीला बसायची. दिवाळीला लुगडं आलं तशी ती पंगतीला वाढायला लागली. आधी बाप्ये, मग पोरं, मग आजी, आणि मग ती आणि आई. तोवर कालवणाच्या तळाला जे असेल ते. कधी भाकरी असायची, कधी अर्धी. तिला यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

बाईंनी मनुबाईला विचारलं, तेव्हा तिलाही वाटलं नाही. "लुगडं नेसलं की बाईमाणूस झालं न्हवं? बाईमाणूस गड्यांच्या आदी जेवतंय व्हय कुठं? मीबी तशीच वाढले, बाई." बोलताना तिनं पदर सावरला. तिशीतली ती बाई पन्नाशीची दिसत होती.

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर बाई एकट्याच खोलीत बसून राहिल्या. चौदाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत त्या सासरी एकभुक्त होत्या. विधवेनं एकदाच जेवायचं, तेही सगळ्यांचं झाल्यावर. रात्री भूक लागायची, ती पाणी पिऊन मारायची. त्यांची धाकटी बहीण त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होती आणि बाई आजवर हसून सांगत, की उंची वाटताना देवानं माझ्या वेळी हात आखडला. देवानं काही केलं नव्हतं. आणि जिनं हे स्वतःच्या हाडांवर सोसलं, तिलाच आठ वर्षं वहीत दिसू नये! बाईंना स्वतःचा इतका संताप आला, की वहीवर डोकं टेकून त्या रडल्या.

मग तोंड धुऊन त्यांनी डॉक्टरांना पत्र लिहायला घेतलं. सोपं नव्हतं ते. बैठकीत वाचलेले आकडे, सर्वांनी केलेलं कौतुक, सगळ्यावर आपल्याच हातानं पाणी सोडायचं होतं. गप्प राहिलं तर कुणाला कळणारही नव्हतं. भरमूआप्पा काही बेळगावला जाऊन सांगणार नव्हता. 'माझ्या वहीतल्या एकतीस मुलींच्या नोंदी चुकीच्या आहेत. चूक माझी आहे,' असं लिहून त्यांनी खाली दुरुस्त आकडे मांडले आणि ताट वाढण्याचा क्रमही लिहिला. रात्र पडायच्या आत पत्र टपालात टाकलं, नाहीतर आपलं मन फिरेल अशी त्यांना धास्ती होती.

डॉक्टर चौथ्या दिवशी स्वतः आले. त्यांनी पाचही मुलींची धुतलेली लुगडी आपल्या हातानं तोलली. चेहरा उतरलेला होता, कारण चूक त्यांचीही होती. जाताना त्यांनी सांगितलं, की मुलांच्या तोंडचं दूध मी काढणार नाही, तीही पोरं काटकुळीच आहेत. पण अर्धं इकडं येईल. पाच शेर.

तेवढं हाती आल्यावर बाई नागूच्या बापाकडे गेल्या. शिकण्यानं रक्त आटत नाही, अर्ध्या भाकरीवर राबल्यानं आटतं, हे त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं. तो बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. तो दुष्ट नव्हता. लेक काय जेवते हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं, कारण ती जेवायला बसायची तेव्हा तो ओट्यावर तंबाखू मळत असायचा. परीक्षेपर्यंत येऊ दे तिला, असं तो शेवटी म्हणाला.

गुढीपाडव्यानंतरच्या सोमवारी दूध आलं. बाईंनी ते तापवून घेतलं, साखर घातली, आणि चाळीस मुली ओळीनं बसवल्या. वाढायचं काम नेहमीप्रमाणे मोठ्या मुलींकडं दिलं. नागू आणि चौघींनी पदर खोचले, लहानग्यांपासून सुरुवात केली आणि हसत, दटावत, एकीलाही न वगळता फुलपात्रं भरली. काय छान चाललंय, असं म्हणत बाई दारात उभ्या होत्या. थोड्या वेळानं मागच्या अंगणात गेल्या, तर पाच जणी रिकामं पातेलं आणि फुलपात्रं घासत बसलेल्या.

"तुम्ही प्यालात का गं?" बाईंनी विचारलं.

"समद्या प्याल्या की, बाई."

"तुम्ही पाच जणी?"

नागू हसली. "आमचं काय, बाई. आमी मोठ्या."

बाईंच्या जिभेवर रागाचे शब्द आले होते, पण ते तिथंच राहिले. पातेलं या पोरींच्या हातात दिलं होतं कुणी? ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यांनाच बाईंनी वाढायला उभं केलं होतं.

मंगळवारी बाईंनी पातेलं स्वतःकडं घेतलं. पाच जणींना सगळ्यांच्या पुढं बसवलं आणि लहानग्यांना सांगितलं, आज ताया आधी. नागूसमोर फुलपात्र ठेवलं. तिनं ते उचललं, मागं वळून पस्तीस तोंडांकडं पाहिलं, आणि परत खाली ठेवलं. 

"बाई, ह्यास्नी आदी देऊ द्या. मला न्हाय घशाखाली जायचं."

"जाईल," बाई म्हणाल्या. त्या तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या, स्वतःसाठी घोटभर दूध ओतून घेतलं, आणि सगळ्या शाळेदेखत आधी त्या प्याल्या. चौदाव्या वर्षानंतर कुणाच्याही आधी त्यांनी तोंडाला काही लावलं नव्हतं.  मग त्यांनी नागूचं फुलपात्र उचलून तिच्या हातात दिलं आणि मागच्या पोरी वाट बघत असताना, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत ती पिईपर्यंत तिच्याजवळून उठल्या नाहीत.