गिरणीची बोली

आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे, एक तर सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं बोलत, नाहीतर आवाजच न काढता नुसते ओठ हलवून बोलत. मधलं काही त्यांना जमायचं नाही. उभा जन्म कापडगिरणीत गेलेला. गाव लहान, गिरणी मोठी. मागांच्या धडधडाटात शेजारच्याला मारलेली हाकसुद्धा ऐकू जात नसे. म्हणून तिथले विणकर एकमेकांचे ओठ वाचत. त्या धडधडाटात अप्पांचे कान गेले, पुढे गिरणीही बंद पडली आणि ते आमच्याकडे कोथरूडला आले. बोली तेवढी बरोबर आणली.

दुपारी मी स्वयंपाकघरात आणि अप्पा गॅलरीत. मी वळून पाहिलं, की दात जुळवून मग मोठा आ वासायचे. म्हणजे चहा. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो अप्पा, इथे कुठे माग चालू आहेत?"

"तुझा मिक्सर काय कमी आहे?" अप्पा गरजले. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

मला शिकवायचा त्यांनी फार प्रयत्न केला, पण पालथ्या घड्यावर पाणी. 'बाबा' आणि 'मामा' मला एकच दिसायचे. "नुसते ओठ काय बघतेस, डोळे बघ," ते म्हणायचे. 'चहा'च्या पुढे माझी गाडी गेली नाही.

गिरणीत त्यांच्या शेजारचा माग चालवणारे साळुंखे कसबा पेठेत लेकीकडे राहत. दर गुरुवारी अप्पा बसने तिकडे जात. देवळाच्या पायरीवर दोघे म्हातारे तासन् तास बसत. ओठ हलत, मांडीवर थापा पडत, हसून हसून डोळ्यांत पाणी येई, आणि आवाज म्हणून नाही. एकदा मीही बरोबर गेले होते, तेव्हा देवळातल्या एका बाईंनी मला हळूच विचारलं, "जन्मापासून मुके आहेत का हो?"

अप्पांनी त्या बाईंचे ओठ वाचले. "नाही, गिरणीपासून!" ते ओरडले, आणि पायरीवरची कबुतरं उडाली.

गेल्या हिवाळ्यात साळुंखे गेले. तिकडून आल्यावर चपला काढता काढता अप्पा म्हणाले, "आता बोलायचं कुणाशी?" हे मात्र त्यांनी साध्या, मधल्या आवाजात म्हटलं. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

उन्हाळ्यात अप्पा आजारी पडले. श्वासासाठी डॉक्टरांनी गळ्यात नळी घातली आणि उरलासुरला आवाजही गेला. शुद्ध मात्र पक्की. पाटी दिली, तर हाताला पेन्सिल धरवेना. मग ते ओठांनी बोलू लागले. सावकाश, स्पष्ट, पुन्हा पुन्हा तेच. माझे यजमान बघत राहिले, नर्स बघत राहिली.

"कुठे दुखतंय? कूस बदलायची? गावाला जायचंय?" मी विचारत होते. ते मान हलवून नाही म्हणत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. काहीतरी महत्त्वाचं होतं, एवढं डोळ्यांत दिसत होतं. सगळ्या पुण्यात ते वाचू शकणारा एकच माणूस होता, आणि तो आधीच गेला होता. मला रडू आवरेना.

अप्पा थांबले. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग त्यांनी दात जुळवले आणि जमेल तेवढा आ वासला.

घोटभर पाणीही चालणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं.

"आणते हं, अप्पा," मी म्हटलं. त्यांनी समाधानाने डोळे मिटले.