आळशाचं रान

सेनगावजवळच्या त्या गावात संतरामच्या वावराला लोक 'आळशाचं रान' म्हणत. म्हणणारच की! कितीक वर्षं त्या माणसानं वावरात नांगर घातला नव्हता. सोयाबीन कापायचं, मुळं अन् धसकटं जमिनीतच कुजू द्यायची, तण कापून तिथंच अंथरायचं. उन्हाळ्यात धुरे, म्हणजे बांधावरचं गवत-झुडूप, पेटवायची गावाची रीत, तीही यानं मोडली. बायको नर्मदाबाईनंसुद्धा आधी कपाळावर हात मारला होता. पण गेल्या साली ऐन श्रावणात पावसानं दडी मारली, शेजारच्यांचं सोयाबीन करपलं, अन् यांच्या वावरातली माती मात्र ओली, गांडुळांनी भरलेली. धुऱ्यावरच्या झुडपांत लावा पाखरांनी घर केलं. मग तिनं नवऱ्याला नावं ठेवणं सोडलं.

चैत्रात संतरामला अर्धांगाचा झटका आला. ती त्याला घेऊन नांदेडच्या दवाखान्यात राहिली. तिथंही याचा धोशा एकच, "वावराकडं कोण बघून राहिलं?"

"वावर काय पळून चाललंय व्हय?" ती म्हणायची.

ते परतले. संतरामला घरात निजवून ती सामान उतरवायला आली, तेव्हा शेजारचा तातेराव जीपपाशीच उभा. "वहिनी, काळजी सोडा! आमी इर्जिक केली. सगळ्यांनी आपापले ट्रॅक्टर आणले, एका सकाळीत रान नांगरून टाकलं. धुरेबी पेटवून साफ केले. गडी आजारी पडल्यावर गावानं हात द्यायचा न्हाई तर कवा?"

नर्मदाबाईनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं. रागवायचं तरी कसं? त्या माणसांनी आपली कामं टाकून, पदरचं डिझेल जाळून हे केलं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! इर्जिकीला आलेल्यांना जेवू घालायची रीत. तिनं तातेरावच्या अंगणात पुरणपोळ्या केल्या, वर तूप वाढलं अन् वाढता वाढता रडली. उपकारानं बाई गहिवरली, असं सगळ्यांना वाटलं.

नवऱ्याला मात्र ती रोज सांगायची, "वावर बराबर हाय." शेवटी तातेरावच एक दिवस हौसेनं त्याला बैलगाडीत बसवून घेऊन गेला. ती मागोमाग धावत पोचली. वावरभर उलटलेली ढेकळं, धुरा काळाठिक्कर. संतरामनं सगळं पाहिलं. मग चालता हात छातीशी नेऊन वाकड्या तोंडानं म्हणाला, "लई तकलीफ घेतली, तातेराव."

तातेरावच्या डोळ्यांत पाणी आलं. तो बैल पाजायला गेला, तेव्हा संतरामनं ढेकूळ मागितलं. तिनं दिलं. त्यानं ते फोडलं. आत नुसता कोरडा फुफाटा.

"काहून सांगितलं न्हाई?"

"कोन्त्या तोंडानं सांगू?" तिला रडू आवरेना. "पुन्यांदा करू की. मी तण कापते, मी अंथरते."

"तू करशील गं. पण माती जिती व्हायला लई वर्षं लागतात. मी पुरायचो न्हाई."

 ऊन चढलं होतं. तिनं आपला पदर त्याच्या डोक्यावर धरला अन् तातेरावची वाट बघत उभी राहिली.