फळी हुंगणारा माणूस

आखातातल्या मुसाफाच्या कचरा यार्डातला तो कोकणी माणूस डोळे मिटून प्रत्येक फळी हुंगायचा आणि वाळवीचं औषध मारलेली बाजूला ठेवायचा. बाकीच्या फळ्यांचा चुरा रोपांच्या मुळाशी जायचा.

कचरा वेगळा करायच्या डब्यांची लेबलं कंपनीच्या डॅनिश भाषेतल्या यादीवरून इंग्रजीत मी केली. यादीत कोऱ्या लाकडाला एक शब्द होता, औषध मारलेल्याला दुसरा. घाईत मी दोन्हींसाठी 'वूड' लिहिलं.

"साहेब, सगळं एकत्र? झाडं मरतील हो."

"लिस्टमध्ये तसंच आहे," मी फटकन म्हणालो.

रोपं करपली तेव्हा मी यादी पुन्हा उघडली. नवी लेबलं घेऊन यार्डात गेलो, तर तो न हुंगताच सगळ्या फळ्या एकाच डब्यात फेकत होता.

"हुंगत नाही आता?"

"लिस्ट आहे ना, साहेब."