चौथा जोड

कोरेगावच्या स्टँडवर गाडी लागायच्या आधीच आण्णा निघून गेले. दुकान उघडं टाकून आलोय म्हणाले. कुलूप त्यांनी माझ्यासमोरच लावलं होतं, पण वडलांना खोटं पाडायची आमच्यात पद्धत नाही. आई थांबली. तिनं माझ्या पिशवीत चटणीचा डबा आणि चार भाकरी जास्तीच्या कोंबल्या, "दादाला दे, त्यो तिथं काय खात आसंल कुणास ठावं," म्हणाली. आण्णा जाता जाता एवढंच बोलले होते, "त्येला घिऊन ये. न्हाय आला, तर तूबी दुकानाची पायरी चढू नगंस."

लोक नोकरीसाठी गाव सोडतात, शिक्षणासाठी सोडतात, बायकोच्या हट्टापायी सोडतात. मी सोडलं ते दुसऱ्याला परत आणायला. आज मी कामोठ्यात राहतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडतो, आणि गावाकडचे तुम्ही मला 'मुंबईचे पाहुणे' म्हणता. कसली मुंबई! खाडीच्या अलीकडं राहतो मी. पण तुम्हाला सांगून उपयोग नाही. तुम्हाला बरंच काही सांगून उपयोग नाही, म्हणून तीस वर्षं गप्प बसलो. आता लिहितोय. ज्यांनी माझ्यासारखं गाव सोडलं त्यांनीही वाचावं, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांच्या पोटात असलं काहीतरी असणारच.

आण्णांचं दुकान मोटारी बांधायचं. विहिरीवरची मोटार जळाली की पंचक्रोशीतून आमच्याकडं यायची. जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, टोकं सोल्डर करायची, म्हणजे कथील वितळवून पक्की जोडायची. केसासारखी तार, चुकीला जागा नाही. आण्णांना मोतीबिंदू झाला, एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं आणि सगळा भार दादावर आला. दादाची बोटं म्हणजे काय सांगू! तो वेढे भरताना मोजायचासुद्धा नाही, गाणं गुणगुणायचा आणि आकडा बरोबर यायचा. मीही शिकलो, आयटीआय केलं, पण आण्णांनी माझ्या कामावर बोट फिरवून एकच निकाल दिला होता. "तुजा हात जाडा हाय." चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. मला ते शब्द अजून जसेच्या तसे ऐकू येतात.

आणि हाच दादा पुण्याला तार आणायला गेला तो आलाच नाही. तार मात्र आली. एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवली त्यानं, बंडलाला चिठ्ठी बांधून, की मी कळंबोलीला आहे, ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, काळजी करू नका. गणपतीच्या मेळ्यात गिटार वाजवायचा तो, तेवढंच आम्हाला ठाऊक होतं. आण्णांनी तार वजन करून घेतली आणि चिठ्ठी चुलीत घातली.

तर मी कळंबोलीला उतरलो तेव्हा चौऱ्याण्णव-पंच्याण्णव साल असेल. लोखंडाचा बाजार, ट्रकच्या रांगा, सगळीकडं गंजाची लाल धूळ. बाजारात माथाडी काम करणारी आपल्याकडचीच माणसं, त्यामुळं दादाला शोधायला पाच मिनिटं लागली नाहीत. साताऱ्याकडच्या दोन हमालांबरोबर एका खोलीत राहायचा. दिवसा एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पावत्या लिहायचा, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. मला बघून त्यानं मिठी मारली, डबा उघडला आणि चटणी नुसतीच बोटानं खाल्ली. "आण्णा बरे आहेत?" एवढं विचारलं. मी बरे आहेत म्हणालो.

तेव्हाच बोलायला हवं होतं. दादा, घरी चल, आण्णांनी बोलावलंय. पाच शब्द. पण मला धाडसच झालं नाही. तो 'नाही' म्हणाला असता तर मी कुठं जाणार होतो? पायरी तर माझीही बंद. म्हटलं, उद्या बोलू. उद्याचा परवा झाला. दादानं ओळखीनं मला ट्रकच्या वायरिंगच्या गाळ्यावर चिकटवून दिलं आणि सात महिने मी त्याच्याच खोलीत, त्याच्याच हातची खिचडी खात राहिलो. आईला पत्रात लिहायचो, समजावतोय, जरा वेळ लागेल. कसलं समजावतोय, डोंबल.

गाळ्यावर काम करण्याची एक रीत होती. ड्रायव्हरला थांबायला वेळ नसतो, मागचा हॉर्न वाजवत असतो. त्यामुळं कुठलीही तुटकी वायर असो, पीळ मार, टेप गुंडाळ, गाडी सोड. सोल्डर करतोय म्हटलं की मिस्त्री हसायचा, "ए साताऱ्या, इथं काय दागिना घडवायचाय काय?" आण्णांच्या दुकानात पिळावर भागवणाऱ्याच्या कानाखाली बसायची. इथं पीळ मारणाऱ्याला हुशार म्हणायचे. महिन्याभरात मीही हुशार झालो.

दादाची गिटार सेकंडहँड होती, कुठल्यातरी देशी कारखान्यातली, लाल रंगाची. आवाज छान, पण बनवणाऱ्यानं आवाज चालू-बंद करायचं सरकतं बटण बरोबर तारांच्या खाली बसवलेलं. सावकाश गाण्यांना काही त्रास नाही. पण इकडं तळवली-घणसोली पट्ट्यात हळदीचे कार्यक्रम असायचे, आगरी लोकांची जोरकस गाणी, पूर्ण हात खाली येणार. हात आला की बोटं बटणाला लागायची, बटण सरकायचं आणि ऐन रंगात गिटार मुकी. दोनदा असं झालं. नाचणारे थांबले, शिट्ट्या पडल्या. ऑर्केस्ट्राच्या मालकानं, बबनशेठनं, माझ्यासमोर दादाला सांगितलं, "विलास, तुझ्या हाताबद्दल आपलं काय म्हणणं नाय. पण अजून एकदा बंद पडली ना, तर मी दुसरा बघणार. साफ सांगतो, मग टेन्शन नको."

दादा खोलीवर आला आणि माझ्यापुढं गिटार ठेवली. "हे बटण इथनं काढून खाली कोपऱ्यात नेता येईल का रे? तुझंच काम आहे हे." माझंच काम! एवढ्या वर्षांत घरातलं कुणी मला असं म्हणालं नव्हतं. आणि त्याच क्षणी डोक्यात दुसरंही आलं, खोटं कशाला बोलू. ही गिटार बंद पडली, तर ऑर्केस्ट्रा सुटणार. ऑर्केस्ट्रा सुटला, तर ह्याला कळंबोलीत ठेवायला पावत्यांशिवाय काय उरतं? आपोआप घरी येईल. मला तोंड उघडायलाच नको. विचार आला आणि मी तो झटकलासुद्धा. निदान झटकला असं तेव्हा वाटलं.

रविवारी दुपारी कामाला बसलो. ट्रकच्या डॅशबोर्डवर केबिनच्या दिव्याला असतं तसलं वर-खाली होणारं छोटं बटण गाळ्यावरून आणलं होतं. गिटारच्या पांढऱ्या प्लास्टिक पट्टीला खालच्या कोपऱ्यात भोक पाडलं, जुनं सरकतं बटण काढलं, त्याच्या भोकावर काळी पट्टी चिकटवली. वायरी तिथपर्यंत पुरेनात, म्हणून दोन्ही वायरींना तुकडे जोडले. म्हणजे एकूण जोड चार, दोन बटणाच्या पायांवर, दोन मधे. तीन मी सोल्डर केले, अगदी आण्णांनी शिकवले तसे. चौथ्याला हात घातला आणि लाइट गेली.

इस्त्री गार झाली. सोल्डरच्या दांड्याला आम्ही इस्त्रीच म्हणायचो. मी चौथ्याला तात्पुरता पीळ मारला, वर टेप गुंडाळली, तिसऱ्यासारखीच. बाहेरून कुणाला कळणार नाही. दादा दारातून म्हणाला, "झालं?" मी म्हणालो, "झालं." लाइट पंधरा मिनिटांत आली. पट्टीचे स्क्रू अजून माझ्या हातात होते. मी ते एकेक करून बसवले, घट्ट. हे मी विसरलो नाही, कधी विसरणारही नाही. लाइट आल्यावर बसवले.

दादानं छोट्या स्पीकरच्या डब्याला जोडून वाजवून बघितली. पूर्ण हात मारला, चार वेळा मारला. कुठं काही लागलं नाही, आवाज तुटला नाही. त्यानं माझा हात पकडला आणि शेजारच्या हमालाला दाखवला, "हे बघ, आमच्या घरातला खरा कारागीर." तरीही मी म्हटलं नाही की थांब, एक जोड राहिलाय.

तळवलीला हळद होती, दोन दिवसांनी. मांडवात मी मागं, वायरींच्या गठ्ठ्यापाशी उभा. दिवेलागणीला सुरुवात झाली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, नवरदेवाचे मामा नाचायला उतरले. दादा असा वाजवत होता की मी क्षणभर सगळं विसरलो आणि मनापासून देवाला म्हणालो, टिकू दे. तिसऱ्या गाण्यात गिटार खरखरली. मग गेली. दादानं नवं बटण वर-खाली केलं, पुन्हा केलं. नवरदेवाचा चुलता स्टेजपाशी आला, "काय रं, कंचा गिटारवाला आनलास? यो त मुका हाय." लोक हसले. दादाही हसला, कसंनुसं. मग गिटार गळ्यातून काढून उभा राहिला, नुसत्या टाळ्या वाजवत, कार्यक्रम संपेपर्यंत. बबनशेठ त्याला ओरडला नाही. फक्त परतीच्या टेम्पोत त्याच्या शेजारी बसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं स्वतःच पट्टी उघडली. मी चहा करत होतो. त्यानं चौथ्या जोडावरची टेप नखानं सोडवली. बारीक तारांचा पीळ सुटून टोकं अलग झाली होती. त्यानं तिसऱ्याची टेप काढली, तिथं सोल्डरचा चकचकीत थेंब. त्यानं दोन्ही जोड शेजारी शेजारी धरून बघितले. ह्या कामात त्याला फसवणं शक्य नव्हतं, तो आण्णांच्या हाताखाली तयार झालेला माणूस.

"आण्णांनी धाडलंय तुला?" त्यानं विचारलं. मी मान हलवली.

"न्यायला?"

मी परत मान हलवली. स्टोव्हवर चहा उतू गेला, तरी मी जागचा हललो नाही.

"मग म्हनायचं व्हतंस की," दादा म्हणाला. कळंबोलीत आल्यापासून तो माझ्याशी शहरी बोलायचा. त्या दिवशी गावचं बोलला. "सात म्हैनं हितं ऱ्हायलास. येकदा तोंडानं म्हनायचं व्हतंस."

मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं चौथा जोड स्वतः सोल्डर केला, पट्टी बसवली, कपडे पिशवीत भरले. मी नाक्यापर्यंत मागं मागं गेलो. रस्ताभर तोंड उघडायचा प्रयत्न केला. दक्षिणेकडं निघालेल्या एका ट्रकमध्ये तो गिटार घेऊन चढला. पंधरा दिवसांनी तो ड्रायव्हर परत आला तेव्हा म्हणाला, हुबळीला उतरला तुझा भाऊ. पुढचं आजतागायत कुणालाच ठाऊक नाही. मी हुबळीला दोनदा जाऊन आलो. लॉजवाले, बँडवाले, बिअर बारवाले, सगळ्यांना विचारलं. नाही.

गावी गेलो तेव्हा आण्णा दुकानाच्या पायरीवर बसले होते. डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, पण पावलं मोजली त्यांनी. "येकटाच?" मी म्हणालो, "लई विनवलं आण्णा. पाया पडलो. न्हाय आला." हे वाक्य मी एसटीत पाठ केलं होतं. आण्णांनी सरकून मला पायरीवर जागा करून दिली आणि म्हणाले, "मग त्यो मेला आमाला." त्यानंतर नऊ वर्षं जगले, दादाचं नाव घेतलं नाही. दुकानाची किल्ली त्यांनी मला देऊ केली. मी नोकरीचं निमित्त सांगितलं आणि कळंबोलीला परत आलो. दुकानातल्या त्या बाकावर बसून वेढे मोजायची माझ्यात हिंमत नव्हती.

आता तुम्ही म्हणता, धाकटा चांगला निघाला, आईला पैसे पाठवतो, यात्रेला येतो, थोरला नालायक. पारावर बसून म्हणता, माझ्या तोंडावर म्हणता, आणि मी मान खाली घालतो. तुम्हाला वाटतं, विनयानं. इथं कामोठ्यात माझ्या बायकोलाही तुमच्याइतकंच ठाऊक आहे. लोक मला विचारतात, रिटायर झाल्यावर गावी जाणार ना? घर आहे, शेजार आहे, आई आहे. मी म्हणतो, बघू.

आई आता नव्वदीला टेकली आहे. मी गेलो की पहिल्या दिवशी ती पोरांचं विचारते, दुसऱ्या दिवशी तिच्या गुडघ्यांचं सांगते. तिसऱ्या दिवशी, काहीतरी निवडत बसली असताना, मान वर न करता विचारते, "तू त्येला नीट म्हनला व्हतास न्हवं रं, चल म्हनून?" मी म्हणतो, म्हनलो व्हतो. ती मान डोलावते आणि निवडत राहते.

म्हणून हल्ली मी गावी दोन दिवसांच्या वर राहत नाही.