पासपोर्ट कुणाकडं ठेवायचा

आमच्या घरात कागदपत्रं मोठ्यानंच सांभाळायची, हा रिवाज. वडील गेल्यावर ते काम माझ्याकडं आलं. धाकट्या भावाची टीसी, जातीचा दाखला, आयटीआयच्या मार्कशीट, सगळं माझ्या पत्र्याच्या पेटीत. भाऊ गुणाचा, पण लई वेंधळा. चपला सुद्धा देवळातून धड घरी आणायचा नाय.

त्याला आखातात वेल्डरची नोकरी लागली. निघताना मीच बजावलं, "पासपोर्ट खोलीवर ठेवू नको, हरवशील. सायबाकडं जमा कर."

"व्हय आक्का," म्हणाला, आन् पोचल्या दिवशीच स्वतः नेऊन दिला. तिथल्या कारकुनानं त्याची एका कागदावर सही घेतली, की मी माझ्या मर्जीनं ठेवायला दिलाय.

वर्षभरानं आईला अर्धांगवायू झाला. डॉक्टर म्हणाले, ज्याला बोलवायचं त्याला बोलवून घ्या. आईची वाचा गेली होती. पुंडलिकनगरच्या आमच्या घराचं दार वाजलं, की ती तेवढी मान वळवायची. "निघालाय गं," मी रोज खोटं सांगायचे. आन् तिकडं साहेब म्हणायचा, काम उरकू दे, मग पासपोर्ट देतो.

भावाला आखातात धाडणाऱ्या एजंटाचं ऑफिस औरंगपुऱ्यात. रोज रिक्षा करून मी तिथं जाऊन बसायचे. चौथ्या दिवशी तो वैतागला. "ताई, कायदा तुमच्याच बाजूनं हाय. तिकडं पासपोर्ट कामगाराजवळच पाहिजे, मालकाला ठेवून घ्यायचा हक्कच नाय. पण ही पोरं स्वतःच नेऊन देतात. कोण शिकवतं यांना, कुणास ठाऊक!"

मी चिडूनच म्हणाले, "तक्रार करा की मग!"

"केली ना तुमच्या भावानं. कंपनीनं सहीचा कागद पुढं केला. आता चौकशी होईल. वेळ लागतो त्याला."

वेळ! मेल्यांनो, वेळ कुणाजवळ होता? परत येताना रिक्षात मी कंपनीला शिव्या घातल्या, एजंटाला घातल्या, आन् घराजवळ आल्यावर स्वतःला घातल्या.

दोन दिवसांनी आई गेली. भावानं व्हिडिओ कॉलवर तिचं तोंड बघितलं. मी एका हातानं मोबाईल धरून दुसऱ्यानं डोळे पुसत होते, तर तिकडून म्हणतो, "आक्का, नीट धर ना, दिसत नाय."

मग साहेबाला दया आली. मृत्यूचा दाखला पाठवा म्हणे, सोडतो. दाखला मिळाल्या मिळाल्या मी महापालिकेच्या खिडकीपुढंच त्याचा फोटो काढून पाठवला. आई जिवंत होती तवा जे झालं नाय, ते एका दिवसात झालं.

दहाव्याच्या दिवशी भाऊ दारात उभा राहिला. बॅग खाली ठेवली नाय, आईच्या खाटेकडं बघितलं नाय. शर्टाच्या खिशातून पासपोर्ट काढून आधी माझ्यापुढं धरला.

"ठेव आक्का, पेटीत."

मी दोन्ही हात पदराखाली घेतले. "तुझ्याजवळच ठेव रे," एवढं म्हणाले, आन् उंबऱ्यातच रडत बसले.