चौथ्यांदा भरताना

जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं पाठ टेकावी म्हणून रेवती ओगले खोलीवर येते. ताश्कंदचं हॉटेल, पडद्याआड पांढरं ऊन, पापण्या जड. खाली तिच्याच संस्थेने भरवलेली परिषद चालू आहे, पण यजमानीणबाईंना बोलायचीच चोरी! गॅसच्या हलक्या टाक्या क्षेपणास्त्रांतही लागतात, म्हणून त्यांच्याबद्दल परदेशात काय बोलायचं, याची यादी आपल्या सरकारने मंजूर करून दिली आहे. त्यापलीकडे शब्द गेला तर तुरुंग, आणि संस्थेला टाळं. सोबत आलेले कायदा अधिकारी कर्णिक पहिल्या रांगेत फाइल घेऊन बसतात. रेवतीने मात्र हाताची घडी, तोंडावर बोट.

सकाळी दिलनोझा नावाच्या तिथल्या तरुण इंजिनिअरने विचारलं होतं, "आमची टाकी तिसऱ्यांदा भरताना आतून टिक टिक वाजली. चालतं का असं? सोमवारी चौथ्यांदा भरतोय." रेवतीला उत्तर ठाऊक होतं. टाकी फुटणार. तरी तिने मंजूर वाक्य म्हटलं, "हा प्रश्न आजच्या विषयाच्या कक्षेबाहेर आहे." तेव्हापासून तिला स्वतःची लाज वाटतेय. परवानगी मागवायची तर सहा आठवडे लागतात.

डोळा लागतो न लागतो, तोच पलंगाच्या कडेला कुणीतरी बसतं.

"काय गं, भर दुपारी लोळतेस?"

तांबवेकर सर. तिचे पहिले साहेब. अकरा वर्षांपूर्वी टाकी फुटून गेले. अंगात तोच खाकी डगला, गालात लवंग. बैठकीत चुकून खरं बोलून जाऊ नये म्हणून सर तोंडात लवंग धरायचे, आणि फारच राग आला की त्या लवंगेचं डोकं चावून टाकायचे.

"जेवलात का, सर?" ती भलतंच विचारते.

"डबा तसाच राहिला बघ त्या दिवशी."

ती दाराबाहेर पाऊल टाकते. बाहेर चाचणीची शेड आहे, जमिनीवर हॉटेलचा लाल गालिचा. मधोमध टाकी. सर पंप सुरू करतात.

"तिसऱ्यांदा भरताना टिक वाजली गं. आता भरू का?"

नको, असं ओरडायला ती तोंड उघडते. आवाज येतो, "हा प्रश्न आजच्या विषयाच्या कक्षेबाहेर आहे." पुन्हा उघडते, पुन्हा तेच. वळून बघते तर मागे दार नाही. पत्र्याला लागून खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत कर्णिक, प्रत्येकाच्या मांडीवर फाइल. दाबाचा काटा वर चढतोय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. तिला रडू फुटतं.

"रडतेस कशाला?" सर म्हणतात. "मीही विचारलं होतं, आपल्याकडच्या परिषदेत, एका परदेशी पाहुण्याला. त्याला माहीत होतं. त्यानेही हेच वाक्य म्हटलं आणि चहाच्या कपात बघत बसला."

"राग नाही आला?"

"वाईट वाटलं. मला कारण नको होतं गं. 'भरू नका' एवढं जरी म्हणाला असता, तरी मी थांबलो असतो."

"कारण न सांगता कोण ऐकतं, सर?"

"ते ऐकणारा बघेल. तू तुझं म्हण." सर गालातली लवंग काढून तिच्या तळहातावर ठेवतात, तिची मूठ मिटतात. "मला आता कुणी गप्प बसवत नाही."

टिक. टिक.

दारावर टिचकी वाजतेय.

"मॅडम, सत्र सुरू होतंय," बाहेरून कर्णिक. "त्या सकाळच्या बाई खाली थांबल्यात, परत तेच विचारतायत. कक्षेबाहेर म्हणून सांगून टाकू ना?"

रेवती उठून बसते.

"थांबा, मी येते. त्यांना एवढंच सांगणार आहे, सोमवारी टाकी भरू नका. कारण नाही, आकडा नाही."

कर्णिक बाहेर फाइलची पानं उलटतात. माणूस वाईट नाही. पण फाइलवर सही त्यांचीही आहे.

"मॅडम, 'नको' हीसुद्धा माहितीच झाली."

"हो. झाली."

कडी काढायला ती हात उचलते, तर मूठ अजून मिटलेलीच. उघडून बघते. तळहातावर एक लवंग, डोकं चावलेली, अजून ओली.

ती मूठ पुन्हा मिटते आणि दुसऱ्या हाताने दार उघडते.